शालेय संगणकाच्या डिस्कची दुरून तपासणी व दुरुस्ती

शाळेचा हजेरीपट आणि शाळेतील मुले या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. पट बिनचूक लिहिला म्हणून मुले वर्गात हजर आहेत असे सिद्ध होत नाही. तसेच पट पावसात भिजून गेला म्हणून मुले नाहीशी होत नाहीत. तथापि पटात घोटाळा झाला की कोणते मूल कोणत्या वर्गाचे हे सांगणे कठीण होते आणि शाळेचे काम अडते. संगणकाच्या डिस्कचा व्यवहार पुष्कळ अंशी असाच आहे. तिच्यावर माहिती असते आणि त्या माहितीचा एक पटही असतो. डिस्कची तपासणी म्हणजे मुख्यत्वे या पटाची तपासणी होय.

खेड्यातील अनेक प्राथमिक शाळांत आता संगणक आहेत. त्यांवर निकालपत्रके, पोषण आहाराच्या धान्याचा हिशेब, विद्यार्थ्यांच्या याद्या व वरिष्ठ कार्यालयास पाठवावयाची पत्रके साठविलेली असतात. संगणक बिघडला तर तो पाहणारा जाणकार बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असतो. अशा ठिकाणी दुरून व्यवस्थापन करण्याची पद्धत उपयोगी पडते. प्रत्येक संगणकात एक लहानसा प्रोग्राम बसविलेला असतो. तो इंटरनेटवरून मध्यवर्ती सर्व्हरशी संपर्क ठेवतो, तेथून आलेली आज्ञा पाळतो व झालेल्या कामाचा परिणाम कळवितो. डिस्कची तपासणी या मार्गाने ठराविक दिवशी आपोआप करविता येते. एका जाणकारास शेकडो संगणकांवर नजर ठेवता येते, ही सोय थोडी नव्हे.

परंतु या सोयीची मर्यादा ध्यानी न घेतल्यास तीच माहितीच्या नाशास कारण होऊ शकते. तपासणी खुशाल यंत्रावर सोपवावी. दुरुस्ती मात्र माहितीची प्रत काढून ठेवल्यावाचून कोणावरही सोपवू नये, असा या विषयाचा मुख्य नियम आहे. तो का, हे कळण्यासाठी डिस्कची रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

डिस्क व तिचा पट

आयबीएम कंपनीने १९५६ साली ‘रॅमॅक’ नावाचा संगणक तयार केला. फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठवून विकावयास आलेला तो पहिला संगणक होय. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आज ५०० गिगाबाइटची साधी डिस्क हाताच्या पंजात मावते आणि तिच्यावर त्याच्या लक्षपट माहिती राहते. आकार बदलला, तरी पट ठेवण्याची गरज तीच राहिली आहे.

डिस्कचे ठराविक आकाराचे असंख्य लहान भाग पाडलेले असतात. एखादी फाईल अशा अनेक भागांत विखुरलेली असू शकते. कोणत्या फाईलचे कोणते भाग कोठे आहेत आणि कोणते भाग रिकामे आहेत, याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेस फाईल सिस्टिम असे म्हणतात. विंडोजवर चालणाऱ्या संगणकांत बहुधा ‘एनटीएफएस’ नावाची फाईल सिस्टिम असते. ती १९९३ पासून प्रचारात आहे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत ‘ईएक्सटी-४’ ही पुष्कळ ठिकाणी आढळते.

या पटात प्रामुख्याने तीन तऱ्हेचे दोष उत्पन्न होतात. वर्गात मूल बसलेले आहे पण पटावर त्याचे नाव नाही, हा पहिला दोष: डिस्कच्या काही भागांत मजकूर आहे, परंतु तो कोणत्या फाईलचा हे नोंदलेले नाही. पटावर नाव आहे पण त्या जागी मूल नाही, हा दुसरा: फाईलचे नाव दिसते, उघडू गेल्यास आत काही नसते किंवा भलताच मजकूर असतो. एकाच बैठकीवर दोन मुलांची नावे लिहिली जावीत, हा तिसरा: डिस्कचा एकच भाग दोन फाईलींच्या नावे लागलेला असतो. हा तिसरा दोष विशेष घातक होय, कारण एका फाईलीत केलेला बदल दुसऱ्या फाईलीचा नाश करतो.

हे दोष का उद्भवतात

एक फाईल साठविण्यासाठी संगणकास अनेक नोंदी कराव्या लागतात. रिकामे भाग शोधणे, ते व्यापल्याची नोंद करणे, त्यांत मजकूर लिहिणे, फाईलचे नाव व आकार लिहिणे, या सर्व क्रिया क्रमाने घडतात. मध्येच वीज गेली तर काही नोंदी होतात व काही राहून जातात. खेड्यापाड्यांत विजेचा लपंडाव ही नित्याची बाब असल्याने शालेय संगणकांत हा दोष अधिक संभवतो. संगणक रीतसर बंद न करता थेट भिंतीवरील बटण दाबून बंद करण्याचा परिणामही अगदी हाच होतो.

या संकटावर उपाय म्हणून आधुनिक फाईल सिस्टिममध्ये कच्च्या वहीची योजना केलेली असते. पक्क्या पटात फेरफार करण्यापूर्वी काय करावयाचे आहे ते प्रथम कच्च्या वहीत लिहिले जाते. मध्ये वीज गेली, तरी पुन्हा चालू होताच संगणक ती वही वाचून अर्धवट काम पुरे करतो किंवा रद्द करतो. एनटीएफएसमध्ये ही योजना प्रारंभापासून आहे. लिनक्सच्या मूळ प्रोग्राममध्ये ‘ईएक्सटी-३’ च्या रूपाने ती २००१ साली आली. मात्र एनटीएफएसची कच्ची वही पटाच्या नोंदी सांभाळते, फाईलीतील मजकूर सांभाळत नाही. म्हणून वीज गेल्यानंतर डिस्क ‘निर्दोष’ ठरते आणि तरीही त्या क्षणी उघडी असलेली गुणपत्रकाची फाईल रिकामी निघते, असे घडू शकते.

तपासणी वेगळी, दुरुस्ती वेगळी

विंडोजमध्ये डिस्क तपासण्याच्या आज्ञेस ‘चेकडिस्क’ असे म्हणतात. ती नुसती दिली तर केवळ पाहणी होते, कशातही बदल होत नाही. तिला ‘एफ’ हे अक्षर जोडले की सापडलेले दोष दुरुस्त केले जातात. ‘आर’ हे अक्षर जोडले की पटाबरोबर डिस्कचा प्रत्येक भाग वाचून पाहिला जातो. मोठ्या डिस्कवर या कामास अनेक तास लागतात. या तीन आज्ञांतील फरक शिक्षकाने पक्का ध्यानी ठेवावा. पहिली म्हणजे पट चाळणे, दुसरी म्हणजे पटात खाडाखोड करणे आणि तिसरी म्हणजे त्याखेरीज शाळेची प्रत्येक खोली उघडून पाहणे.

नुसत्या पाहणीतही एक गोम आहे. संगणक चालू असताना पट सतत बदलत असतो. अशा वेळी केलेल्या पाहणीत नसलेले दोषही दाखविले जाण्याचा संभव असतो. मधल्या सुट्टीत हजेरी घेणाऱ्यास काही मुले बेपत्ता वाटावीत, तसाच हा प्रकार. म्हणून एका पाहणीत दोष दिसला की लगेच दुरुस्तीची आज्ञा जावी, अशी यंत्रणा बसविणे शहाणपणाचे नाही.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून या कामी चांगली सुधारणा झाली. ‘स्कॅन’ हा शब्द जोडून दिलेली आज्ञा संगणकाचे नित्याचे काम चालू असतानाच तपासणी करते. जे दोष चालू कामात दूर करता येतात ते ती तेथेच दूर करते व उरलेल्यांची टिपणी करून ठेवते. पुढे ‘स्पॉटफिक्स’ ही आज्ञा केवळ टिपलेल्या जागा दुरुस्त करते व तिला बहुधा काही सेकंदच लागतात. दुरून चालविलेल्या संगणकांसाठी हीच जोडी अधिक सोयीची होय.

दुरुस्तीने काय साधते व काय साधत नाही

दुरुस्ती हा शब्द ऐकून गेलेली माहिती परत येईल अशी आशा वाटते. ती आशा बहुधा फोल ठरते. दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रामचे ध्येय एकच असते: पट आतल्या आत सुसंगत व्हावा. पटावर नाव आहे व मूल नाही असे दिसले, तर तो नाव खोडतो. मूल आहे व नाव नाही असे दिसले, तर तो अशा सर्व मुलांना एका वेगळ्या खोलीत बसवितो व त्यांना क्रमांक देतो. विंडोजमध्ये ही खोली म्हणजे ‘फाउंड’ या नावाचा फोल्डर. त्यातील फाईलींना मूळ नावे नसतात, नुसते आकडे असतात. लिनक्समध्ये याच कामाच्या फोल्डरला ‘लॉस्ट अँड फाउंड’ म्हणतात.

आता समजा, एका शाळेच्या संगणकावर सातवीच्या निकालाची फाईल होती. वीज गेल्यामुळे तिची नोंद बिघडली. दुरुस्तीपूर्वी जाणकाराने पाहिले असते तर तिचे विखुरलेले भाग कदाचित जुळविता आले असते. आपोआप दुरुस्ती होऊन ती नोंद खोडली गेली, मोकळ्या झालेल्या भागांवर दुसरा मजकूर लिहिला गेला, म्हणजे मग ती वाट बंद झाली. सर्व्हरवर मात्र ‘दोष सापडला, दूर केला’ असा समाधानकारक शेरा उमटलेला असतो. यंत्र खोटे बोलत नाही. त्याने पट खरोखरच नीट केलेला असतो. निकालाची चौकशी त्यास कोणी सोपविलेलीच नसते.

यंत्राने कोठे थांबावे

हा विचार संगणकशास्त्रज्ञांना नवा नाही. युनिक्स या प्रणालीवर काम करणाऱ्या बेल प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात ‘एफएससीके’ हा तपासणीचा प्रोग्राम तयार झाला व त्याचेच वंशज आज लिनक्समध्ये वापरले जातात. ईएक्सटी-४ साठी असलेल्या प्रोग्रामला दोन तऱ्हेने आज्ञा देता येते. ‘वाय’ हे अक्षर जोडले तर तो स्वतःच्या प्रत्येक प्रश्नास स्वतःच ‘होय’ म्हणतो व पुढे जातो. ‘पी’ हे अक्षर जोडले तर तो निर्धोक दोष तेवढे दूर करतो. मनुष्याने निर्णय घ्यावा असा दोष आढळताच त्याचे वर्णन लिहून थांबतो व ४ हा अंक परत देतो. दुरून काम करणाऱ्यांनी या दुसऱ्या रीतीचा कित्ता गिरवावा.

हे अंक म्हणजे यंत्राची सांकेतिक भाषा होय. काम संपताच प्रोग्राम एक अंक देतो व सर्व्हर तो नोंदवून घेतो. लिनक्समध्ये ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे दोष होते ते दूर झाले, ४ म्हणजे दोष तसेच राहिले. विंडोजच्या चेकडिस्कमध्ये ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे सापडले व दूर झाले, तर ३ म्हणजे तपासणीच करता आली नाही किंवा दोष दूर झाले नाहीत. शून्य आले तर नोंद करावी. अन्य अंक आला तर जाणकारास सूचना जावी व त्याने शाळेशी बोलून पुढचे पाऊल ठरवावे. आपोआप चालणाऱ्या कामाची योग्य सीमा ती हीच.

दुरून काम करताना येणाऱ्या अडचणी

पहिली अडचण वेळेची. कार्यालयांतील संगणकांची तपासणी पुष्कळदा रात्री ठेवितात. शाळेचा संगणक रात्री बंद असतो. पहाटे दोनची तपासणी तेथे वर्षभर होतच नाही, आणि दोषाची सूचना न आल्यामुळे सर्व ठीक आहे असा समज होतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, ठरलेली वेळ चुकल्यास संगणक चालू झाल्यावर ते काम शक्य तितक्या लवकर करावे, अशी सूचना देण्याची सोय आहे. शाळांसाठी ती अवश्य वापरावी.

दुसरी अडचण उत्तराची. ज्या डिस्कवर विंडोज स्वतः चालत असते तिची पूर्ण दुरुस्ती चालू संगणकावर होत नाही. ‘पुढल्या वेळी संगणक सुरू होताना करावी काय?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. दुरून दिलेल्या आज्ञेच्या वेळी पडद्यासमोर उत्तर देणारा कोणी नसतो आणि आज्ञा तशीच लटकून राहते. यास्तव उत्तर आज्ञेसोबतच पाठवावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. संगणक सुरू होताना जी दुरुस्ती चालते ती इंटरनेटचा संपर्क जुळण्यापूर्वी चालते. त्या काळात सर्व्हरवरील मनुष्यास काहीच दिसत नाही. ‘संगणक संपर्कात नाही’ एवढेच त्यास कळते. काम चालले आहे, की डिस्क कायमची निकामी झाली आहे, हे त्यास सांगता येत नाही. पडद्यावर टक्केवारी पुढे सरकत आहे हे पाहू शकणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे शाळेतील शिक्षक.

पट नव्हे, इमारतच खचली असेल तर

आतापर्यंत पटातील दोषांचा विचार झाला. कधी डिस्कचे शरीरच खचू लागते. तिचे काही भाग वाचता येईनासे होतात. डिस्कमध्ये स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवण्याची ‘स्मार्ट’ नावाची सोय असते. निकामी ठरवून बदललेले भाग किती, वाचता न आलेले भाग किती, असे आकडे त्यात मिळतात. दुरून व्यवस्थापन करणारे प्रोग्राम हे आकडे रोज गोळा करू शकतात.

या आकड्यांवर किती विसंबावे, याविषयी गूगल कंपनीतील संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःच्या पृष्ठभागाची पाहणी करताना डिस्कला वाचनाचा पहिला दोष आढळला, की पुढील ६० दिवसांत ती निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होतो, असे त्यांस आढळले. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसून आली: निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. तात्पर्य असे की, इशारा मिळाला तर तो गांभीर्याने घ्यावा. इशारा मिळाला नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

खचू लागलेल्या डिस्कवर ‘आर’ जोडलेली प्रदीर्घ तपासणी लावणे हे आजारी मनुष्यास डोंगर चढावयास लावण्यासारखे आहे. शेवटचे वाचन जेवढे शिल्लक असेल तेवढे माहितीची प्रत काढण्याकडे लावावे. प्रत निघाल्यावर डिस्क बदलावी. ज्या संगणकांत फिरती तबकडी नसून एसएसडी असते त्यांतही पटाचे दोष होतातच. त्यामुळे पटाची तपासणी तेथेही आवश्यक असते. त्या पुष्कळदा पूर्वसूचना न देता बंद पडतात, हे मात्र ध्यानी ठेवावे.

शिक्षकाचा वाटा

एवढ्या विवेचनावरून शिक्षकाने करावयाची कामे सहज लक्षात येतील.

१. संगणक नेहमी रीतसर बंद करावा. यूपीएस असल्यास त्याची बॅटरी चालू आहे की नाही हे अधूनमधून पाहावे.

२. सुरू होताना पडद्यावर डिस्कची तपासणी होणार अशी सूचना आली तर कोणतेही बटण दाबू नये. त्या वेळी काही सेकंदांत बटण दाबल्यास तपासणी टळते. उत्साही मुलांच्या हातून हे सहज घडते, म्हणून त्यांना आधी समजावून सांगावे.

३. दुरुस्ती चालू असताना वीजपुरवठा तोडू नये. टक्केवारी बराच वेळ एका जागी थांबली तरी घाई करू नये. पडद्यावरील मजकूर व वेळ वहीत लिहून घेऊन जाणकारास दूरध्वनीने कळवावी.

४. दुरुस्तीनंतर नेहमीच्या चार-दोन फाईली उघडून पाहाव्यात. सर्व्हरने ‘निर्दोष’ म्हटले तरी निकालाची बेरीज जुळते काय, याद्या पुऱ्या आहेत काय, हे ती माहिती तयार करणाऱ्यासच कळू शकते. फाईल न सापडल्यास त्या संगणकावर नवे काही साठवू नये.

५. महत्त्वाच्या फाईलींची प्रत आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर काढावी आणि ती शाळेच्या संगणकापासून वेगळी ठेवावी. प्रत काढली एवढ्याने भागत नाही. ती दुसऱ्या यंत्रावर उघडते काय, हेही पाहावे.

६. दुरून व्यवस्था पाहणाऱ्यास तीन प्रश्न विचारून ठेवावेत: तपासणी कोणत्या दिवशी होते, दोष सापडल्यास आपोआप दुरुस्ती होते काय, आणि त्यापूर्वी प्रत काढली जाते काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असल्यास आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवण्याची विनंती करावी.

शाळेची कागदी सामान्य नोंदवही पिढ्यान्पिढ्या जपली जाते, कारण शाळा सोडून गेलेला विद्यार्थी कित्येक वर्षांनी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी परत येतो आणि त्यास रिकाम्या हाताने पाठविता येत नाही. संगणकावरील नोंदींची किंमतही याहून कमी नाही. दूरवरचे यंत्र पटावर नजर ठेवील, जाणकार त्याचा अर्थ लावील. परंतु वर्गात मुले खरोखर आहेत की नाहीत हे ज्याप्रमाणे शिक्षकालाच मोजावे लागते, त्याचप्रमाणे फाईलीत माहिती शाबूत आहे की नाही हेही त्यालाच पाहावे लागणार आहे. दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वीची दहा मिनिटे प्रत काढण्यास दिली, तर पुढे कोणत्याही दुरुस्तीची आज्ञा निर्भयपणे देता येईल.